घरच्या २ टीबी फाइली कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवाव्यात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरीजवळच्या एका घरात २ टीबी फाइली साठल्या आहेत. कीर्तनकार वडिलांच्या १८० कॅसेट डिजिटल करून घेतल्या आहेत. शिवाय १९९८ पासूनचे फोटो, मिनीडीव्ही टेपवरून उतरवलेली लग्नं-मुंजी, जमिनीच्या आणि काही मोडी कागदांचे स्कॅन. सगळं दोन जुन्या हार्ड डिस्कवर आहे आणि दोन्ही डिस्क एकाच कपाटात. पुढच्या दहा वर्षांत कोणी फारसं उघडणार नाही, पण यातलं काही गमावलेलं चालणार नाही. ॲमेझॉनच्या ग्लेशियर डीप आर्काइव्हचं, म्हणजे क्वचितच उघडायच्या फाइलींसाठी इंटरनेटवर भाड्याने मिळणाऱ्या जागेचं (यालाच कोल्ड स्टोरेज म्हणतात), भाडं फार कमी दिसतं, तर सगळं तिथे चढवून डिस्क मोडीत काढाव्यात का?

चढवा. डिस्क मात्र मोडीत काढू नका, उलट एक नवी घ्या. असं का, ते जरा सविस्तर सांगतो. मी २२ वर्षं पुण्यात बॅकअपचंच काम करतो आहे आणि या काळात बहुतेक माणसांना एकच हिशेब करताना पाहिलं: ठेवायला महिन्याला किती पडतात? परत आणायला किती पैसे, किती वेळ आणि कोणाचे हात लागतील, हा हिशेब फार थोडे लोक करतात. तुमचा निर्णय त्या दुसऱ्या हिशेबावर व्हायला हवा.

आकडेच मांडू. डीप आर्काइव्हचा व्हर्जिनिया विभागातला (अमेरिकेतल्या डेटा सेंटरचा) दर महिन्याला जीबीमागे ०.०००९९ डॉलर आहे. म्हणजे २,००० जीबीला साधारण २ डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला आणि वर १८ टक्के जीएसटी घातला, तर महिन्याला २०० रुपये, वर्षाला २,४०० च्या आसपास. मुंबई विभाग याहून महाग आहे, आणि दहा वर्षं न उघडायच्या फाइली मुंबईत आहेत की व्हर्जिनियात, याने तुम्हाला काही फरक पडत नाही. इथवर सगळं छान.

आता डिस्क गेली आणि सगळं परत हवं आहे असं समजा. डीप आर्काइव्हमधली फाइल थेट उतरवता येत नाही. आधी ती ‘रिस्टोअर’ करायला सांगावी लागते. साध्या पद्धतीने १२ तासांपर्यंत लागतात, स्वस्त ‘बल्क’ पद्धतीने ४८ तासांपर्यंत. मग तुम्ही मागाल तितक्या दिवसांसाठी एक तात्पुरती प्रत तयार होते आणि ती तुम्ही उतरवून घेता. बल्कचे जीबीमागे ०.००२५ डॉलर, म्हणजे ५ डॉलर. तात्पुरती प्रत दहा दिवस ठेवली तर तिचं नेहमीच्या स्टोरेजच्या दराने भाडं, साधारण १५ डॉलर. खरा खर्च त्यापुढे आहे: डेटा त्यांच्याकडून इंटरनेटवर बाहेर काढण्याचे जीबीमागे ०.०९ डॉलर. महिन्याचे पहिले १०० जीबी फुकट सोडले तरी १,९०० जीबीचे १७१ डॉलर होतात. कर धरून सगळे मिळून १९ हजार रुपये. आठ वर्षांचं भाडं एका फेरीत गेलं.

यात फसवणूक काही नाही, दर उघड लिहिलेले असतात. या सेवेची रचनाच अशी आहे की क्वचितच परत मागणाऱ्याला ती परवडावी. म्हणूनच ती तुमची तिसरी प्रत असावी, घरच्या दोन्ही प्रती गेल्या तरच उघडायची. घर पाण्यात गेलं आणि वडिलांचा आवाज फक्त तिथेच उरला, तर १९ हजार कोणीही आनंदाने देईल. दर दोन वर्षांनी डिस्क बिघडते म्हणून तेवढे देणं मात्र चुकीचं. घाई नसेल तर एक मार्ग आहे: महिन्याला १०० जीबीच्या आत उतरवत राहिलात तर बाहेर काढण्याचे पैसे लागतच नाहीत. सगळं यायला वीसेक महिने जातील, पण कीर्तनं आधी आणि लग्नाचे व्हिडिओ शेवटी असा क्रम लावला तर ते सोसवतं.

दुसऱ्या कंपन्यांचंही थोडक्यात सांगतो. गूगल क्लाउडच्या आर्काइव्ह वर्गातली फाइल लगेच मिळते, ताटकळावं लागत नाही, पण किमान मुदत ३६५ दिवसांची आहे आणि वाचण्याचा दर चढा. मायक्रोसॉफ्ट अझ्यूरच्या आर्काइव्हची मुदत १८० दिवस, आणि फाइल जागी व्हायला १५ तासांपर्यंत लागू शकतात. डीप आर्काइव्हचीही मुदत १८० दिवसच. आज चढवून उद्या पुसलं तरी सहा महिन्यांचं भाडं लागणारच. फोनमधल्या गूगल फोटोजला आर्काइव्ह समजू नका. फोनवरच्या त्या ॲपमधून पुसलेला फोटो तिथूनही जातो, कचऱ्याच्या डब्यात ६० दिवस राहतो आणि मग कायमचा नाहीसा होतो. शिवाय दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल बंद करू शकतं.

या सेवांच्या जाहिरातीत ९९.९९९९९९९९९ टक्के टिकाऊपणा लिहिलेला दिसेल. तो त्यांच्या यंत्रांबद्दल आहे आणि माझा त्यावर विश्वास आहे. तुमचा पासवर्ड हरवणं, कार्ड नाकारलं जाणं, तुमच्याच हातून फोल्डर पुसलं जाणं हे त्या आकड्यात येत नाही, आणि घरच्या फाइली जातात त्या याच वाटांनी.

परत आणण्यावर मी इतका भर का देतो, ते सांगायला हवं. नोकरीच्या सुरुवातीला पिंपरीतल्या एका कारखान्यात मी रोज रात्री डॅट टेपवर (संगणकाच्या छोट्या कॅसेटवर) बॅकअप घेत असे. सकाळी अहवालात ‘यशस्वी’ असं यायचं. दोन वर्षं तसंच येत राहिलं. एके दिवशी टेप ड्राइव्ह बंद पडला, नवा आणला, आणि त्याला एकही जुनी टेप वाचता येईना. जुन्या ड्राइव्हचं हेड हळूहळू सरकलं होतं, त्यामुळे त्याने लिहिलेलं फक्त त्यालाच वाचता येत होतं. तो गेला, तशा सत्तर टेप गेल्या. आम्ही त्या दोन वर्षांत एकदाही दुसऱ्या यंत्रावर टेप वाचून पाहिली नव्हती. हिशेबखात्यातल्या बाईंनी नंतर चार महिने कागदांवरून नोंदी पुन्हा चढवल्या. त्यांना रोज तिथे बसलेलं पाहत होतो, तेव्हापासून परत वाचून पाहिल्याशिवाय मी कुठल्याही प्रतीला प्रत म्हणत नाही.

चढवण्याआधीच्या तयारीला दोन महिने गेले तरी जाऊ द्या. डीप आर्काइव्हमध्ये एकदा गेलेल्या फाइलचं नाव बदलणं किंवा ती दुसऱ्या फोल्डरात हलवणं म्हणजे आधी रिस्टोअर, मग नवी प्रत, मग जुनी पुसणं, आणि वर मुदतीचं भाडं. म्हणून आवराआवर घरीच संपवा.

तीन लाख फोटो सुटेसुटे चढवू नका. चढवण्याचे पैसे दर हजार फाइलींमागे ०.०५ डॉलर आहेत, म्हणजे १५ डॉलर. ते एक वेळ चालेल. त्रास नंतरचा आहे: रिस्टोअर प्रत्येक फाइलसाठी वेगळं मागावं लागतं आणि तीन लाख मागण्या कोणी हाताने करत नाही, त्याला स्क्रिप्ट लागते. उलट सगळ्याची मिळून एकच २ टीबीची टार फाइल (अनेक फाइलींचं एक गाठोडं) केलीत, तर एका मुंजीसाठी पूर्ण गाठोडं सोडवावं लागेल. मी वर्षाप्रमाणे किंवा प्रसंगाप्रमाणे ५ ते २० जीबीचे गठ्ठे करतो. कुठल्या गठ्ठ्यात काय आहे, त्याची यादी बाहेर ठेवतो: घरच्या डिस्कवर, ईमेलमध्ये आणि छापून कागदावर. यादीत प्रत्येक फाइलचा शा-२५६ ठसाही असतो, म्हणजे फाइलवरून काढलेला असा आकडा, जो फाइल जराशी बदलली तरी बदलतो. दहा वर्षांनी उतरलेली फाइल तीच आहे का, हे त्याशिवाय कळणार नाही.

मराठी फाइलनावांबाबत एक सूचना, कारण ही अडचण इंग्रजी मार्गदर्शनात सापडणार नाही. ‘कऱ्हाड’ किंवा ‘गोऱ्हे’ मधला ऱ युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरं साठवण्याच्या जागतिक पद्धतीत) दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक अखंड अक्षर म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता (टिंब) म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. जुन्या मॅकवरून फाइली नेल्या की अखंड अक्षर सुटं होतं, आणि यादीशी ताडून पाहताना ‘फाइल सापडली नाही’ असं येतं. शिवाय देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं. लिनक्सवर फाइलनावाची मर्यादा २५५ बाइटची, म्हणजे काना-मात्रा धरून ८५ चिन्हं. ‘आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो’ इथपर्यंत ठीक, पण नाव कूटबद्ध करणारं (पासवर्डशिवाय वाचता येणार नाही असं करणारं) साधन वापरलंत की ते आणखी लांबतं. म्हणून गठ्ठ्याचं नाव साधं, वर्ष आणि क्रमांक एवढंच ठेवा, आणि मराठी नावं यादीत भरपूर लिहा. कोणाचं कीर्तन, कुठल्या देवळात, कोणता अभंग निरूपणाला घेतला होता, पेटीवर कोण होतं. हे सांगू शकणारी माणसं आज आहेत.

जुन्या मराठी दस्तऐवजांकडे आधी लक्ष द्या. १९९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांच्या फाँटमध्ये टाइप केलेलं जे असेल, ते युनिकोड नाही. फाँट नसलेल्या संगणकावर ते इंग्रजी अक्षरांची खिचडी म्हणून उघडतं. पेजमेकरमध्ये केलेली स्मरणिका असेल तर पेजमेकर चालणारा संगणक मिळणंच आता अवघड. अशा प्रत्येक फाइलची फाँट आत बसवलेली पीडीएफ-ए (दीर्घकाळ जपण्यासाठीची पीडीएफ) करून घ्या, मजकूर युनिकोडमध्ये बदलून वेगळा ठेवा, आणि मूळ फाइलही राहू द्या. फाइलचा एकेक बिट सुरक्षित राहिला आणि वाचता काहीच आलं नाही, अशी गाठोडी मी पाहिली आहेत.

कीर्तनं वेव्ह स्वरूपात असतील. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ धरलं तर तासाला साधारण १ जीबी होतो. त्यांचं फ्लॅक करा. आवाजातला कणही जात नाही, जागा साधारण निम्मी होते, आणि फ्लॅक फाइलच्या पोटातच आवाजाचा ठसा असतो. एका आज्ञेने ती स्वतःला तपासून सांगते की मी शाबूत आहे. घरच्या संग्रहासाठी ही सोय अमोल आहे. एमपीथ्री ऐकण्यापुरती वेगळी काढा, ती जतनाची प्रत नव्हे.

चढवण्याबद्दल. अपलोड २० एमबीपीएस मिळत असेल तर २ टीबीला सलग सव्वानऊ दिवस लागतात. बऱ्याच ‘अनलिमिटेड’ योजनांना महिन्याला ३.३ टीबीची मर्यादा असते. तिच्यात तुम्ही बसाल, पण त्या महिन्यात घरात बाकी काय चालतं तेही मोजा. पावसाळ्यात सुरू करू नका. वीज गेली की मोठी फाइल अर्धवट राहते, तिचे चढलेले तुकडे तिकडे पडून राहतात, फाइलींच्या यादीत दिसत नाहीत आणि त्यांचं भाडं मात्र चालू असतं. खातं उघडल्याबरोबर अर्धवट अपलोड सात दिवसांनी पुसण्याचा नियम लावा, पाच मिनिटांचं काम आहे. साधन म्हणून आरक्लोन (फाइली क्लाउडवर नेणारा प्रोग्राम) पुरेसं आहे. त्यात स्टोरेजचा वर्ग सांगता येतो आणि फाइल थेट डीप आर्काइव्हमध्ये जाते. रेस्टिक आणि बोर्ग ही मला प्रिय साधनं आहेत, रोजच्या बॅकअपला मी तीच वापरतो. पण ती आपलं भांडार मधूनमधून वाचून पाहतात आणि गोठवलेल्या फाइली त्यांना वाचता येत नाहीत. इथे साधी टार बरी. लॅपटॉपवर खात्याची जी किल्ली (ॲक्सेस की) ठेवाल तिला फक्त चढवण्याची परवानगी द्या, पुसण्याची नको, आणि तिकडे व्हर्जनिंग चालू करा, म्हणजे त्याच नावाने दुसरं काही चढलं तरी जुनी फाइल राहते. रॅन्समवेअर (फाइली अडवून खंडणी मागणारा व्हायरस) शिरलं तरी तिकडची प्रत राहील.

कूटबद्ध करावं का? जमिनीचे कागद, पॅन, आधार, बँकेचं काही असेल तर जरूर करा. कीर्तनं आणि लग्नाचे फोटो करू नका, असं माझं ठाम मत आहे. तिकडे साठवताना ॲमेझॉन स्वतः कूटबद्ध करतंच. त्यावर तुमचा वेगळा पासवर्ड लावलात आणि तो हरवला, तर जगातला कोणीही ते उघडू शकणार नाही. परक्या माणसाने वडिलांचं कीर्तन ऐकलं तर काय बिघडेल? नातवाला ऐकता आलं नाही तर मात्र फार बिघडेल.

पैसे भरण्याची बाजू भारतात जास्त नाजूक आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कार्डावरून आपोआप जाणाऱ्या रकमेसाठी आधी ई-मँडेट (रक्कम आपोआप कापण्याची आगाऊ परवानगी) नोंदवावं लागतं. कार्ड बदललं, मुदत संपली की ते तुटतं. बिल थकतं, सूचना ईमेलवर येतात, तो ईमेल कोणी पाहत नसतं, मग खातं स्थगित होतं आणि पुढे बंद. माझ्या ओळखीत एका गृहस्थांचं असंच झालं. खातं जुन्या कंपनीच्या ईमेलवर उघडलेलं होतं, नोकरी सुटली, आणि सातव्या महिन्यात त्यांना कळलं तेव्हा मागायला काही उरलं नव्हतं. म्हणून खातं घरच्या ईमेलवर, दुसऱ्या माणसाचा ईमेल बिलाच्या सूचनांसाठी जोडलेला, आणि कॅलेंडरवर दर तीन महिन्यांनी बिल पाहण्याची आठवण. दुहेरी पडताळणी एकाच फोनवर ठेवू नका. तो समुद्रात पडला तर खात्यात शिरता येणार नाही.

आता घरच्या प्रती. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी काही ठिकाणी पहिल्या मजल्यापर्यंत चढलं होतं. एकाच कपाटातल्या दोन डिस्क अशा दिवशी एकच डिस्क असतात. त्याच वर्षी १० मार्चला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं, आणि ज्यांनी मूळ आणि बॅकअप दोन्ही त्याच आवारात ठेवले होते त्यांचे दोन्ही गेले. मोठ्यांनाही हा नियम चुकत नाही. एक डिस्क रत्नागिरीला, दुसरी पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या नातेवाइकाकडे. दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या घ्या.

आणि गणपतीला त्यांची भेट घडवा. हे मी अगदी मनापासून सांगतो, कारण याहून चांगलं वेळापत्रक मला सापडलेलं नाही. कोकणातलं घर गणपतीला भरतंच. पुण्याची डिस्क येणाऱ्यांबरोबर येऊ दे, दोन्ही संगणकाला जोडा, ठसे रात्रभर ताडून पाहा, वर्षभराची भर घाला, आणि परत जाताना डिस्क अदलाबदल करून न्या. वर्षातून एकदा डिस्क फिरतेही आणि तपासलीही जाते. पाच-सहा वर्षांनी, बिघडण्याची वाट न पाहता, नवी घ्या. कोकणातल्या हवेत डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा आणि जेल दर पावसाळ्याआधी सुकवा. ओलं झालेलं जेल काही कामाचं नाही. जुन्या सीडी-डीव्हीडी असतील तर त्यांना बुरशी धरायच्या आत आजच उतरवून घ्या.

पेनड्राइव्ह आणि एसएसडी कपाटात ठेवून विसरण्यासाठी नाहीत. वीज न मिळता पडून राहिले की त्यांतला विद्युतभार झिरपत जातो. एलटीओ टेप (मोठ्या संस्था बॅकअपला वापरतात ती चुंबकीय टेप) उत्तम असते, नवव्या पिढीच्या एका टेपवर १८ टीबी मावतात, पण ड्राइव्हचा खर्च एका घराला झेपणारा नाही, आणि पुढच्या पिढीचे ड्राइव्ह फार जुनी टेप वाचत नाहीत. एम-डिस्क (दीर्घकाळ टिकण्यासाठी बनवलेली, एकदाच लिहिता येणारी चकती) मात्र एका कामासाठी घ्या. २५ जीबीच्या चकत्यांवर २ टीबी म्हणजे ८० चकत्या, ते नको. पण तुमच्या २ टीबीतलं काळजाचं असं ५० जीबी निवडता येईल: निवडक वीस कीर्तनं, दोनशे फोटो, मोडी कागद. ते दोन चकत्यांवर लिहा. त्यावर चुकून दुसरं काही लिहिलं जाऊ शकत नाही, हा तिचा मोठा गुण.

वर्षातून एकदा डीप आर्काइव्हमधला एक गठ्ठा परत मागवा, दर वर्षी वेगळा. फुकटच्या १०० जीबीत ते बसतं, खर्च दहा-वीस रुपयांच्या आत राहतो.

शेवटचं काम कागदाचं आहे. एका पानावर लिहा: खातं कोणत्या कंपनीत, कोणत्या ईमेलवर, पासवर्ड, दुहेरी पडताळणीचे राखीव कोड, कूटबद्ध गठ्ठ्यांचा पासवर्ड, डिस्क कुठे कुठे आहेत, बिल कोणत्या कार्डावर जातं, आणि परत कसं मागवायचं त्याच्या पायऱ्या. हा कागद बँकेच्या लॉकरमध्ये, मृत्युपत्राशेजारी ठेवा. पण तिथे ठेवण्याआधी येत्या गणपतीत तो भाचीच्या किंवा पुतणीच्या हातात द्या, तिला संगणकासमोर बसवा आणि एक कीर्तन मागवायला सांगा. तुम्ही शेजारच्या खोलीत जाऊन बसा, काही सांगू नका. ती जिथे अडेल तिथे कागदावर एक ओळ वाढवा. ४८ तासांत गठ्ठा येईल, विसर्जनाच्या आत. तो तिलाच उघडून लावू द्या.